तळाला पाय न टेकवता

वॉटर पोलोच्या सामन्याआधी पंच खेळाडूंची नखं तपासतात. दोन-दोन मीटर उंचीचे, शंभर किलोच्या आसपासचे बाप्ये काठावर रांगेत उभे राहतात, हात पुढे करतात, उलटसुलट करून दाखवतात. हातांची झाली की पायांची. एखादं नख वाढलेलं दिसलं तर तिथल्या तिथे कापायला लावतात. या खेळाविषयी कुणी विचारलं तर मी इथूनच सुरुवात करतो. पोहायच्या आणि बॉल फेकायच्या खेळात नखांचा काय संबंध, असा प्रश्न समोरच्याला पडला की अर्धा खेळ त्याला कळलेला असतो.

संबंध पाण्याखाली असतो. वर दिसतात ती फक्त डोकी, कानांवर प्लॅस्टिकच्या वाट्या शिवलेल्या टोप्या, अधूनमधून उसळी मारून कमरेपर्यंत बाहेर येणारा एखादा गडी आणि एका हाताने फेकलेला बॉल. खाली चड्डी ओढणं चालू असतं, मनगटं धरणं, मांडीवर गुडघे, बरगडीत कोपर. पंच काठावरून चालत असतात, त्यांना फेस दिसतो. ‘मी धरलेलं नाही’ हे दाखवायला बचाव करणारा दोन्ही हात डोक्यावर उंच करतो, अगदी सज्जनासारखा. हात वर आणि गुडघा खाली. पंचाला पटलं तर ठीक, नाही तर शिट्टी वाजते आणि तो काही सेकंदांसाठी बाहेर. तेवढ्यात सहा विरुद्ध पाच झालेलं असतं आणि बहुतेक सामने याच काही सेकंदांत जिंकले किंवा हरले जातात.

मोठ्या स्पर्धांचा तलाव निदान दोन मीटर खोल असतो. तळाला पाय टेकवायचा नाही, काठाला धरायचं नाही, आणि गोलकीपर सोडला तर बॉलला दोन्ही हात लावायचे नाहीत. आठ मिनिटांची चार सत्रं. पण खेळ थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे हे प्रकरण तासभर चालतं. तेवढा वेळ शरीराला तरंगत ठेवणाऱ्या क्रियेला एगबीटर म्हणतात. दोन्ही पाय गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला आळीपाळीने गोल फिरवत राहायचे. आपण साधे पोहणारे पाण्यात उभं राहायला जे पाय मारतो त्यात अंग खालीवर होतं. यात ते स्थिर राहतं आणि हात मोकळे मिळतात. आमच्या टँकवरच्या कोचने एकदा हौसेने आम्हा प्रौढांना हे करायला लावलं होतं, हात कोपरापर्यंत पाण्याबाहेर ठेवून. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जांघेत असे काही स्नायू आहेत हे कळलं, ज्यांची तोवर ओळखच नव्हती.

आता हे करत असताना पाठीवर एक शंभर किलोचा माणूस आहे अशी कल्पना करा. गोलच्या समोर दोन-तीन मीटरवर, गोलकडे पाठ करून जो खेळाडू ठाण मांडून बसतो त्याला क्रोएशियात ‘सिद्राश’ म्हणतात, म्हणजे नांगर टाकलेला. त्याचं काम जागा न सोडणं. बॉल आला तर वळून मारायचा, नाही आला तर निदान समोरच्याला फाऊल करायला भाग पाडायचं. रियेकाचा इगोर हिनिच हे काम छत्तिसाव्या वर्षापर्यंत ऑलिंपिकमध्ये करत होता. त्याच्या नावावर इतर खेळाडूंएवढे गोल दिसले नाहीत तरी जाणकार त्याचं नाव आदराने घेतात. आकडे पाण्यावरचे असतात, नोकरी पाण्याखालची.

मी या खेळाकडे वळलो तो सुशील कुमारमुळे. १२ ऑगस्ट २०१२, लंडन ऑलिंपिकचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सुशीलची अंतिम कुस्ती होती, घरचे सगळे टीव्हीपुढे. जपानच्या योनेमित्सूने त्याला हरवलं, रौप्यपदक पक्कं झालं, मावशीचा फोन आला, चहा झाला, ‘अजून थोडा जोर लावला असता तर’ वगैरे झालं. मग एकेक जण उठून गेला आणि मी रिमोट घेऊन बसलो. कुठल्याशा क्रीडा वाहिनीवर पाणी दिसलं. क्रोएशिया विरुद्ध इटली, वॉटर पोलोचा अंतिम सामना. नुकतीच कुस्ती बघितलेली असल्यामुळे असेल, पण पाचच मिनिटांत वाटलं, अरे, ही तर कुस्तीच आहे, फक्त आखाडा भरलेला आहे. डावपेच तेच, पकड सोडवणं तेच, श्वास राखून ठेवणंही तेच. क्रोएशिया ८-६ जिंकली. त्या स्पर्धेत एकही सामना न हरता त्यांनी सुवर्ण घेतलं. गोलकीपर योसिप पाविच होता, कप्तान अडतीस वर्षांचा समिर बाराच होता आणि काठावर भरघोस मिशीचा एक म्हातारा सामनाभर ओरडत होता.

त्या म्हाताऱ्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. रात्को रुदिच. बेलग्रेडमध्ये जन्मलेला, स्वतः १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून रौप्य मिळवलेला. प्रशिक्षक म्हणून १९८४ आणि १९८८ला युगोस्लाव्हियाला सुवर्ण, १९९२ला इटलीला सुवर्ण आणि २०१२ला क्रोएशियाला सुवर्ण. तीन देश, चार सुवर्णं. लंडनला समोरच्या काठावर इटलीचा प्रशिक्षक कोण होता? सान्द्रो कांपान्या, म्हणजे १९९२च्या त्याच इटालियन संघातला रुदिचचा खेळाडू. गुरूने चेल्याला हरवलं, तेही गुरूनेच शिकवलेल्या डावांनी. मला त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हे सगळं नंतर शोधत गेलो आणि शोधता शोधता एका बावीस वर्षांच्या पोरापाशी येऊन थांबलो.

सान्द्रो सुक्नो. जन्म ३० जून १९९०, दुब्रोव्निक. उंची दोन मीटर. वडील गोरान सुक्नो १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या युगोस्लाव्हियाच्या सुवर्णविजेत्या संघात होते. तेव्हाही प्रशिक्षक रुदिचच. म्हणजे बापाने आणि मुलाने, अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने, एकाच माणसाच्या शिव्या खाऊन ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. मधल्या काळात देश मात्र बदलला होता, युगोस्लाव्हिया फुटून क्रोएशिया वेगळी झाली होती.

दुब्रोव्निक हे चाळीस-एक हजार वस्तीचं शहर. पर्यटकांना ठाऊक आहे ते तटबंदीमुळे आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत एका टीव्ही मालिकेमुळे. पण तिथल्या माणसांना विचारा, ते ‘युग’चं नाव घेतील. युग म्हणजे १९२३ साली स्थापन झालेला वॉटर पोलो क्लब. युरोपातल्या क्लबांचं अजिंक्यपद त्यांनी चार वेळा मिळवलंय: १९८१, २००१, २००६ आणि २०१६. जिथे उन्हाळ्यात स्थानिकांपेक्षा पर्यटक जास्त असतात अशा गावाने बार्सिलोना, बुडापेस्ट, अथेन्स-पिरेयसच्या क्लबांना मागे टाकून ही कमाई केली आहे. लंडनला सोनं जिंकलेल्या संघात दुब्रोव्निकची पोरं मोजायला लागलं की हाताची बोटं भरत येतात: सुक्नो, मारो योकोविच, मिहो बोश्कोविच, आंद्रो बुश्ल्ये.

हे घडतं कसं, याचं उत्तर क्लबच्या तलावात नाही, समुद्रात आहे. उन्हाळ्यात दुब्रोव्निकमध्ये ‘दिव्ल्या लिगा’ भरते, रानटी लीग म्हणा हवं तर. प्रत्येक किनाऱ्याचा, प्रत्येक पोहायच्या धक्क्याचा आपापला संघ. खुल्या समुद्रात दोऱ्या बांधून मैदान आखायचं, तरंगते गोल टाकायचे आणि खेळायचं. जुन्या बंदराशेजारी पोर्पोरेला नावाचा दगडी धक्का आहे, तिथे महत्त्वाचे सामने होतात आणि लोक दगडांवर, भिंतींवर, होड्यांमध्ये बसून बघतात. कोल्हापुरात पेठेपेठेची तालीम असते, आणि पोरगं कुठल्या तालमीचं हे आडनावाच्या आधी विचारलं जातं. तिथे ते किनाऱ्यावरून ठरतं. तालमीत सगळेच काही महाराष्ट्र केसरी व्हायला येत नाहीत. बहुतेक जण नंतर दुकानं चालवतात, नोकऱ्या करतात. पण लाल मातीत उतरलेले असतात, त्यामुळे कुस्ती बघताना त्यांना पकड कुठे सुटली ते कळतं. पोर्पोरेलावर बसलेल्या आजोबांना तसंच पाण्याखालचं दिसतं. दिसत नाही, पण कळतं. अशा प्रेक्षकांसमोर वाढलेल्या मुलाला फाऊलचं नाटक करून फार पुढे जाता येत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडे ती फारशी कुणाला माहीत नसते. दुब्रोव्निकचा ग्रामदेव म्हणजे सेंट ब्लेझ. गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळी गावात याच संताचं, सांव ब्राझचं, सोळाव्या शतकातलं छोटं चर्च आहे. दुब्रोव्निक तेव्हा रागूसा नावाचं स्वतंत्र व्यापारी गणराज्य होतं आणि त्याच्या व्यापाऱ्यांशी या चर्चचा संबंध जोडला जातो. गेल्या शतकाच्या अखेरीस एका क्रोएशियन भारतविद्या अभ्यासक बाईंनी तो धागा पुढे आणला, आणि आता तिकडून पाहुणे येतात. पुढच्या वेळी दिवाडीच्या फेरीकडे जाताना थोडी वाट वाकडी केलीत तर बघून या. वॉटर पोलोशी याचा संबंध नाही. समुद्राशी आहे.

सान्द्रो सव्वा वर्षाचा होता तेव्हा, ऑक्टोबर १९९१मध्ये, दुब्रोव्निकला युगोस्लाव लष्कराचा वेढा पडला. ६ डिसेंबरला जुन्या शहरावर तोफगोळे पडले. ज्या देशासाठी त्याच्या वडिलांनी सात वर्षांपूर्वी सोनं आणलं होतं, त्याच देशाचं ते लष्कर. या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो होतो. घरात एक पदक आहे, आणि ज्या झेंड्याखाली ते मिळालं तो झेंडा लावलेला रणगाडा वरच्या डोंगरात उभा आहे. त्या पदकाचं काय करायचं? फेकायचं? लपवायचं? बहुतेकांनी यातलं काही केलं नाही. ठेवून दिलं.

या प्रश्नाचं सगळ्यात धारदार रूप पेरित्सा बुकिचच्या कारकिर्दीत दिसतं. शिबेनिकचा माणूस, जन्म १९६६. गोरान सुक्नोबरोबर १९८४च्या संघात तो होता, वय अठरा. त्या स्पर्धेचा शेवटचा सामना अमेरिकेशी ५-५ असा बरोबरीत सुटला आणि गोलफरकावर सुवर्ण युगोस्लाव्हियाला मिळालं. चार वर्षांनी सोल ऑलिंपिकमध्ये पुन्हा अमेरिकाच समोर. जादा वेळेत ९-७. शिवाय १९८६ माद्रिद आणि जानेवारी १९९१ पर्थ, दोन विश्वविजेतेपदं. पंचविशीच्या आत दोन ऑलिंपिक सुवर्णं आणि दोन विश्वविजेतेपदं! पर्थच्या त्या संघात सर्ब, क्रोएट, मॉन्टेनेग्रोचे सगळे एकत्र होते. काही महिन्यांतच युद्ध सुरू झालं आणि ज्यांनी एकमेकांना पास दिले होते ते सीमेच्या दोन बाजूंना गेले.

१९९२चं बार्सिलोना ऑलिंपिक आलं तेव्हा बुकिच सव्वीस वर्षांचा होता, म्हणजे वॉटर पोलोपटूच्या ऐन भरात. युगोस्लाव्हियावर निर्बंध होते, त्यांचा संघ नव्हता. क्रोएशिया नवा देश म्हणून बार्सिलोनाला गेली, पण वॉटर पोलोच्या स्पर्धेत नव्हती. जगातला सर्वोत्तम संघ अशा रीतीने हवेत विरला आणि सुवर्ण कुणाला मिळालं, तर इटलीला, रुदिचच्या हाताखाली. आपल्याकडे खेळाडूची कारकीर्द दुखापतीमुळे किंवा निवड समितीमुळे अडते. देशच नाही म्हणून अडलेली कारकीर्द आपल्या डोळ्यांपुढे सहसा येत नाही.

बुकिच थांबला मात्र नाही. झाग्रेबच्या म्लादोस्त क्लबकडून युरोपचं अजिंक्यपद मिळवलं आणि १९९६ला अटलांटामध्ये क्रोएशियाचा ध्वजवाहक म्हणून संचलनात चालला. तिथे अंतिम सामन्यात स्पेनकडून ७-५ असा पराभव, रौप्य. दोन झेंड्यांखाली तीन पदकं. पुढे तो देशाच्या वॉटर पोलो संघटनेचा अध्यक्ष झाला, खासदारही झाला. मुलगा लुका बुकिच २०१६च्या रिओत आणि २०२४च्या पॅरिसमध्ये रौप्यपदक विजेत्या संघात होता. शिमेंत्स घराण्यातही तेच: वडील झ्लात्को १९६४चे रौप्यविजेते, मुलगा दुब्राव्को १९८८ला सुवर्ण आणि १९९६ला रौप्य. झ्लात्को तर हँडबॉलमध्येही देशाकडून खेळत. आपल्याकडे ‘घराणेशाही’ म्हटलं की भुवया वर जातात, आणि त्या जाव्यातही. पण दोन मीटर खोल पाण्यात आडनाव तरंगवत नाही. बापाची ओळख फार तर सहाव्या वर्षी टँकमध्ये ढकलण्यापुरती.

आता आपल्या माणसाला पडणारा प्रश्न: पैसे किती?

फुटबॉलच्या मानाने काहीच नाहीत. लुका मोद्रिच एका मोसमात जे कमावतो त्यात क्रोएशियातला एखादा वॉटर पोलो क्लब कितीतरी वर्षं चालेल. देशाच्या लीगमधले क्लब नगरपालिका, स्थानिक प्रायोजक आणि एखाददुसऱ्या हौशी श्रीमंताच्या जिवावर चालतात. पगार उशिरा झाल्याच्या, आवडता खेळाडू बाहेर गेल्याच्या बातम्या तिकडच्या वर्तमानपत्रांत नेहमीच्याच. म्हणून नाव झालं की इटली, हंगेरी, ग्रीस. त्यातही सगळ्यांचा डोळा रेक्कोवर. जेनोव्हाजवळ समुद्रकाठी दहा-एक हजार वस्तीचं हे गाव. तिथल्या प्रो रेक्को क्लबइतकी युरोपियन अजिंक्यपदं दुसऱ्या कुणाकडे नाहीत. सुक्नोही तिथे खेळला. पोराने दुब्रोव्निकच्या किनाऱ्यावर शिकायचं आणि ऐन उमेदीची वर्षं इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावर विकायची, हा या धंद्याचा रिवाज. उन्हाळ्यात पुन्हा राष्ट्रीय संघाच्या शिबिराला घरी यायचं. ऑलिंपिक पदक मिळालं तर सरकारकडून पुढे आयुष्यभर दरमहा मानधनाची तरतूद क्रोएशियाच्या कायद्यात आहे, आणि बऱ्याच जणांच्या हिशोबात ती धरलेली असते. बाकीचे शिकत राहतात. अर्थशास्त्र, शारीरिक शिक्षण, कायदा. सकाळचा सराव संपवून ओल्या केसांनी कॉलेजात जाणारा दोन मीटरचा विद्यार्थी हे दुब्रोव्निकात आणि स्प्लिटमध्ये नवल नाही.

दिवस साधारण ठरलेला असतो. सकाळी पाण्यात, दुपारी व्यायामशाळेत, संध्याकाळी पुन्हा पाण्यात. नुसतं पोहणं, मग कमरेला वजन बांधून किंवा जड बॉल डोक्यावर धरून पाय मारणं, मग नेमबाजी, मग सहा विरुद्ध पाचची घोकंपट्टी. हे सहा विरुद्ध पाच फार सुंदर असतं, एकदा शांतपणे बघा. बॉल पाण्याला न लागता हवेतल्या हवेत फिरतो. घेणारा तो ओल्या तळव्यावर उचलल्यासारखा झेलतो. पकडत नाही, हात मागे नेत त्याचा वेग मारतो. गोलकीपर प्रत्येक पासबरोबर उसळी मारून दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकतो आणि प्रत्येक उसळीत थोडा थकतो. चौथ्या-पाचव्या पासला त्याची उसळी बोटभर कमी पडते. मारणारा त्याचीच वाट बघत असतो. गोल तीन मीटर रुंद आणि पाण्यावर जेमतेम नव्वद सेंटिमीटर उंच. सुक्नो यात वस्ताद होता. तो मारायचा आव आणून थांबायचा, पुन्हा आव आणून पुन्हा थांबायचा. गोलकीपर दोनदा हवेत जाऊन खाली येत असताना तिसऱ्यांदा बॉल त्याच्या कानाजवळून आत. क्रूर काम आहे. पण त्यासाठी स्वतः एवढा वेळ छातीपर्यंत पाण्याबाहेर राहावं लागतं, आणि तो सगळा खर्च खाली पायांच्या खात्यावर पडतो.

भारतात हा खेळ नव्हता असं नाही. १९४८ला लंडनमध्ये आणि १९५२ला हेलसिंकीत आपला वॉटर पोलो संघ ऑलिंपिकला गेला होता, आणि मधे १९५१च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत आपण सुवर्ण जिंकलं. हेलसिंकीत रौप्य मिळालं ते युगोस्लाव्हियाला, आणि ते एकही सामना न हरता. हंगेरीने गोलफरकावर मात केली होती. तिथून त्यांच्या पदकांची माळ सुरू झाली आणि आपल्या संघाला ऑलिंपिकचं पाणी पुन्हा लागलं नाही. आपल्याकडे रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांच्या संघांनी आणि दादरसारख्या ठिकाणच्या तलावांवरच्या पोरांनी खेळ जिवंत ठेवला आहे. पण तलावाच्या वेळा बघा: पाऊण तासाच्या बॅचा, उन्हाळी शिबिराची गर्दी, पाणीटंचाईत पहिलं कुलूप तलावाला. एवढा लांब किनारा उशाशी असून आपण समुद्राकडे मासळी, विसर्जन आणि भेळ यांपलीकडे कधी बघितलं नाही, ही माझी जुनी कुरकुर आहे. मालवणची पोरं काय पोहतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ती पटेल.

असो. सुक्नोकडे येऊ.

रिओत २०१६ला अंतिम सामन्यात सर्बियाने क्रोएशियाला ११-७ हरवलं. त्याआधीच्या वर्षी कझानच्या विश्वस्पर्धेतही अंतिम सामन्यात सर्बियाच. मग २०१७चा जुलै, बुडापेस्ट. मार्गारेट बेटावरचा खुला तलाव, अंतिम सामना यजमान हंगेरीशी. वॉटर पोलो हा हंगेरीत धर्म आहे, त्यामुळे प्रेक्षागृह पूर्ण विरोधात. क्रोएशियाचा कप्तान सुक्नो. क्रोएशिया ८-६ जिंकली आणि दहा वर्षांनी पुन्हा विश्वविजेती झाली. २००७ला मेलबर्नमध्येही अंतिम सामन्यात हंगेरीलाच हरवलं होतं. मी त्या सामन्याची चित्रफीत कितीदा पाहिली असेल. शेवटच्या मिनिटाला त्याचा चेहरा बघा. ओरडत नाही, हात हलवत नाही, नुसता बॉल मागतो. सत्ताविसावं वर्ष, दोन ऑलिंपिक पदकं, हातात विश्वचषक.

आणि २०१८ मध्ये हृदयाच्या त्रासामुळे त्याला खेळ थांबवावा लागला. वय अठ्ठावीस.

त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथे ‘अर्ध्यावर राहिलेली कारकीर्द’ म्हणतात. बाराच अडतिसाव्या वर्षी कप्तान होता, हिनिच छत्तिसाव्या वर्षी गोलसमोर ठाण मांडून होता. त्या हिशोबाने सुक्नोची दहा वर्षं गेली, हे खरंच. तोक्योत क्रोएशिया पदकाविना परतली तेव्हा तो असता तर, हेही मनात येऊन गेलं. तरी मला ते ‘अर्ध्यावर’ पटत नाही. त्याच्या वाट्याला जे आलं नाही ते शिखर नाही, उतार आहे. खांद्याला पट्ट्या लावून, नितंबाच्या सांध्याला इंजेक्शनं घेऊन, पंचांकडे तक्रारी करत, बाकावरून उठत-बसत घालवायची वर्षं त्याला मिळाली नाहीत. ती मिळणं हेही भाग्यच असतं का? असेल. उतारावरच माणूस शिकवायला शिकतो असं जुने वस्ताद म्हणतात. रोज पाण्यात उतरणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी एका खोलीत बसवून ‘आजपासून नाही’ म्हणणं, याची तुलना मी कशाशी करू शकत नाही, आणि करायला जाऊही नये. मला एवढंच म्हणायचंय की त्याची गोष्ट त्याच्यापाशी सुरू झाली नव्हती, म्हणून ती त्याच्यापाशी तुटलीही नाही. १९८४चा बाप, पोर्पोरेलाचे दगड, रुदिचच्या शिव्या, रेक्कोचा पगार, हे सगळं ज्या प्रवाहात होतं तो वाहतच राहिला. २०२२ला स्प्लिटमध्ये क्रोएशिया युरोपची विजेती झाली, हंगेरीला १०-९ हरवून. २०२४च्या फेब्रुवारीत दोह्यात विश्वविजेती, इटलीला पेनल्टीवर हरवून. त्याच वर्षी पॅरिसला रौप्य. सर्बियाकडून १३-११, पुन्हा एकदा. या सगळ्या संघांचा प्रशिक्षक इवित्सा तुत्साक, जो रुदिचनंतर २०१२ला आला. रुदिचच्या तुलनेत शांत वाटतो. पण काठावरून बघून ठरवू नये.

सुक्नो रेक्कोचा प्रशिक्षक झाला. तिशी नुकती ओलांडलेला माणूस, काही खेळाडू त्याच्याच वयाचे. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं त्याच्या हाताखाली रेक्कोने युरोपचं अजिंक्यपद जिंकलं. दोन्ही वेळा अंतिम सामना बेलग्रेडमध्ये, समोर बेलग्रेडचाच नोवी बेओग्राद क्लब. पहिल्या वर्षी तर पेनल्टीपर्यंत गेला. दुब्रोव्निकचा पोरगा बेलग्रेडमध्ये जाऊन कप उचलतो याचा तिकडे काय अर्थ लावतात कुणास ठाऊक; बहुधा आता फारसा लावत नसतील. रुदिच तर जन्माने बेलग्रेडचाच होता आणि त्यानेच क्रोएशियाला सोनं दिलं.

या खेळात एक रीत आहे. मोठा सामना जिंकला की खेळाडू आपल्या प्रशिक्षकाला कपड्यांसकट पाण्यात ढकलतात, किंवा तोच आधी उडी मारून मोकळा होतो. बूट काढायला फारसं कुणी थांबत नाही.